ऐकू आलेलं प्रॉम्प्टिंग

नाटकाच्या परीक्षणाखाली मी एक चौकट देते. चौकटीत एकच ओळ असते: ऐकू आलेलं प्रॉम्प्टिंग, आणि पुढे आकडा. गेली अकरा वर्षं पेण-रोह्याच्या हौशी नाटकांवर मी आमच्या साप्ताहिकात लिहिते आहे. वरचं सातशे शब्दांचं परीक्षण सोडून लोक थेट चौकट वाचतात, हे मला माहीत आहे. संपादकांनाही माहीत आहे. एकदा जागा कमी पडली तेव्हा त्यांनी परीक्षण कापलं आणि चौकट ठेवली.

आकडा मी तिसऱ्या रांगेतून मोजते. पहिल्या रांगेतून मोजणं अन्यायाचं होईल. तिथे विंगेतला उसासासुद्धा ऐकू येतो. तिसऱ्या रांगेत जे पोचतं ते तिकीट काढून आलेल्या माणसाला पोचलं, असं मी धरते. वहीत चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. टाळ्यांची नोंद ठेवत नाही. टाळ्या नातेवाइकांच्या असतात.

डिसेंबरात रोह्याला जगनच्या मंडळाचं 'वकीलसाहेब, दार उघडा' झालं. जगनच दिग्दर्शक, जगनच वकील. नायिका रंभा. ती अंगणवाडीत मुलांकडून सगळी गाणी पाठ करून घेते, स्वतःला मात्र दोन पानं पाठ होत नाहीत. त्या दिवशीचा आकडा त्रेसष्ट. आमच्या भागातला उच्चांक. मी लिहिलं: "या प्रयोगातला सर्वांत स्पष्ट आणि स्वच्छ आवाज पोपट यांचा. ते रंगमंचावर नव्हते, एवढीच उणीव." पोपट हा मंडळाचा प्रॉम्प्टर. धाटावच्या कंपनीत शिफ्ट करतो, उरलेला वेळ विंगेत संहितेची वही धरून बसतो. मला ते वाक्य बरं साधलं होतं. पेणच्या बाजारात दोघांनी मला थांबवून ते म्हणून दाखवलं.

हे झालं एक काम. दुसरं काम कपाटात चालतं.

पुण्याची एक कंपनी ऑडिओबुकं काढते. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी मी त्यांच्यासाठी वाचायला लागले. घरातलं मोठं कपडेकपाट रिकामं केलं, आत चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या, स्टुलावर माईक ठेवला. बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला श्वास बाहेर जात नाही. शेजारी गणपतीचा कारखाना आहे. हमरापूरहून टेम्पो भरून कच्च्या मूर्ती येतात, इथे रंगतात, आणि रंगवायच्या पिस्तुलाचा काँप्रेसर सकाळी नऊपासून घुरघुरत असतो. त्याला गोधडीचा उपाय नाही. काँप्रेसर बंद होतो तो एक ते अडीच, कारागीर जेवायला बसतात तेव्हा. म्हणून पेणमधलं ध्वनिमुद्रण एक ते अडीच. माझं जेवण अडीचनंतर.

आतापर्यंत मी दोन पुस्तकं वाचली होती: एक मधुमेहावरचं, एक गच्चीतल्या भाजीपाल्यावरचं. जानेवारीत मला कादंबरी मिळाली. मिठागरावरच्या एका घराण्याच्या तीन पिढ्या, साडेपाचशे पानं. ही बातमी मी फारशी कोणाला सांगितली नाही. नंतर हिशेब केला तेव्हा सव्वीस जण निघाले, त्यांत कोथिंबीरवाली.

खरं सांगायचं तर बत्तीस वर्षं शाळेत रोज सहा तास माझं कोणीतरी ऐकत होतं. ऐकत नसलं तरी समोर बसलेलं होतं. निवृत्तीनंतर सलग दहा मिनिटं माझं ऐकणारे फक्त माझे यजमान दामोदर, आणि त्यांचं कानाचं यंत्र बहुतेक वेळा चार्जिंगला असतं. साडेपाचशे पानं म्हणजे वीस तास. वीस तास कोणीतरी ऐकेल, एवढाच माझा लोभ होता.

तिसरं प्रकरण पाठवलं आणि कंपनीतल्या अंतराचा फोन आला. ती तिशीतली आहे, फार नम्रपणे बोलते, म्हणून मी तिला जरा घाबरते.

"सुनीतीताई, एक छोटीशी गोष्ट. तुम्ही शब्द अर्धा म्हणून थांबता."

"म्हणजे?"

"म्हणजे 'तो होडीत बसून निघून गे...' असं म्हणता, वर सूर लावता, दीड सेकंद थांबता आणि मग 'गेला' म्हणता."

"मी असं करत नाही."

"तिसऱ्या प्रकरणात एकोणचाळीस वेळा केलंय, ताई. मी मोजलंय."

आकडा समोरून यायची मला सवय नव्हती. मी खुर्चीत बसले.

मराठीची मास्तरीण वर्ग जागा ठेवते तो असा. 'आणि मग राजा वनात निघून गे...?' म्हणून थांबायचं. साठ पोरं ओरडतात, 'गेला!' जो ओरडत नाही तो झोपलेला असतो. ही सवय मला आहे हे मला माहीतच नव्हतं. स्वतःचं घोरणं कोणाला ऐकू येतं?

"आधीच्या पुस्तकांत तर कोणी काही बोललं नाही," मी म्हणाले.

"मधुमेहाच्या पुस्तकात चालून गेलं. 'साखर अजिबात खाऊ न...? नये.' श्रोत्यांना तो धाक वाटला. काहींनी कळवलंय की त्यांनी साखर सोडली. पण कादंबरीत, ताई, आजी वारते तिथेपण तुम्ही थांबताय. श्रोत्याला वाटतं, आपणच सांगायचंय की काय."

तिसरं प्रकरण पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत स्वच्छ आलं नाही, तर कादंबरी पुण्यातल्या एका तरुणाकडे जाणार होती. त्याचा आवाज चांगला आहे, असंही अंतरा म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

मी दामोदरना कपाटाबाहेरच्या बोळात खुर्ची टाकून बसवलं. कानात यंत्र घातलं. "मी शब्द तोडला की दारावर टकटक करा," असं सांगून आत गेले, गोधडी ओढली, वाचायला लागले.

"म्हातारा खाडीकडे बघत उभा रा..."

"हिला!" बाहेरून दामोदर.

मी गोधडी बाजूला केली. "टकटक करायला सांगितली होती."

"अगं, तोंडातून गेलं. चौतीस वर्षं जेवताना हेच करतोय मी. तू म्हणतेस आमटीत मीठ कमी प..., मी म्हणतो पडलं."

त्या दिवशी एक ते अडीचमध्ये दामोदर नऊ वेळा मुद्रित झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना बाजारात पाठवलं. मी एकटीनं वाचलं, ऐकलं, मोजलं. एकतीस. तिसऱ्या दिवशी पेन्सिलीनं प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून वाचलं. पस्तीस. लक्ष द्यायला लागलं की वाढतं.

मग माझी बाजू भक्कम करावी म्हणून मी जुनी परीक्षणं काढली. दुसऱ्यांचे दोष वाचले की मला बरं वाटतं. डिसेंबरच्या अंकाशी आले आणि माझंच वाक्य समोर आलं: सर्वांत स्पष्ट आणि स्वच्छ आवाज पोपट यांचा.

मी ते टोमणा म्हणून लिहिलं होतं. आता नुसतं वाचलं तर ते खरं होतं.

रविवारी सकाळी मेमू पकडून रोह्याला गेले. जगनच्या नव्या नाटकाची, 'माप ओलांडण्याआधी'ची, तालीम एका शाळेच्या वर्गात चालली होती. परीक्षक तालमीला येणं म्हणजे मयताच्या आधीच किरवंतानं घरी येण्यासारखं. मी दारात दिसले आणि रंभा बोलता बोलता थांबली. तशीही ती थांबायच्याच बेतात होती.

"आली गो बाय," ती शेजारणीला म्हणाली. "आता तालमीत पन रेघा मारनार."

"रेघा नाही," मी म्हणाले. "वही आणलेली नाही."

"बाईंनी वही नाय आनली?" जगन म्हणाला. "मंग तब्येत बरी नाय."

मी मागच्या बाकावर बसले. पोपट पुढच्या कोपऱ्यात पहिलीच्या पोराच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. चाळिशीचा माणूस, कंपनीचा निळा शर्ट, हातात बाइंडिंग सुटलेली वही. जो अडेल त्याचं वाक्य तो देत होता. सासूचं, सुनेचं, पोलिसाचं, सगळं एकाच आवाजात, एकाच उंचीवर. रागाचं वाक्य रागावून नाही, रडण्याचं रडून नाही. तरी कुठलं वाक्य कुणाचं हे कळत होतं. वीस मिनिटांत मी एकही रेघ मारली नाही, आणि रेघा मारायला वही नव्हती म्हणून नव्हे.

चहाला सगळे बाहेर आले तेव्हा मी त्याला नळाशी गाठलं.

"पोपट, मला तुमची मदत हवी आहे."

"मला वाटलं चौसष्टावा सांगाया आलात."

मी सगळं सांगितलं. कपाट, गोधड्या, अर्धा शब्द, दहा तारीख. नंतर वही उघडून त्यानं माझ्यासमोर धरली. 'वकीलसाहेब'ची जुनी वही मागे टाचलेली होती. समासात पेन्सिलीचे बारीक ठिपके होते.

"मी सुद्धा मोजतो, बाई. जिथं वाक्य दिलं तिथं ठिपका. त्रेसष्ट चूक हाय. माझे चोपन्न."

"मी तिसऱ्या रांगेत होते. त्रेसष्ट ऐकले."

"ऐकले असतील. नऊ रंभाच्या आयचे. ठमाबाई पहिल्या रांगंत बसते, तिला अख्खं नाटक पाठ हाय. पोरीला नाय, आयला हाय."

"आवाज विंगेच्या बाजूनं येत होता."

"म्हातारी विंगेच्या बाजूलाच बसते. पोरगी तिकडं बघते ना."

तो म्हणाला, "येतो पेनला. पन पेपरात छापा, त्रेसष्ट नाय, चोपन्न."

"शुद्धिपत्र?"

"तुमच्यात काय म्हन्तात ते."

"अकरा वर्षांत मी शुद्धिपत्र दिलेलं नाही, पोपट."

"मी पन कंपनीत सुट्टी मारलेली नाय. पन मानूस जमवतो." त्यानं चहाचा कप नळाखाली धुतला. "काम झालं की छापा. आधी नको."

पुढच्या आठवड्यात त्याची तिसरी पाळी होती. सकाळी सातला सुटून घरी जायचा, अकरापर्यंत झोपायचा, एकला पेणला यायचा. मी आत, तो बाहेर बोळात दामोदरांच्या खुर्चीवर, मध्ये गोधडीची फट आणि फटीशी माईक. तो एक वाक्य द्यायचा, मी ते म्हणायचे. पहिल्या दिवशी मी दोनदा तोडलं. त्यानं गोधडीतून डोकं आत घातलं.

"बाई, तुमी वाक्य घेता."

"मग काय करायचं?"

"द्यायचं. वाक्य आपलं नसतं. रंभाचं असतं, जगनचं असतं. आपन नुसतं पोचवायचं आनि गप ऱ्हायचं. तुमी पोचवता आनि वर उत्तर मागता."

त्यानंतर मी त्याच्या वाक्यामागून गेले, जसं त्यानं दिलं तसं. चार दुपारी लागल्या. चौथ्या दिवशी काँप्रेसर पाच मिनिटं उशिरा सुरू झाला आणि प्रकरण संपलं. मी पूर्ण ऐकलं. अर्धे शब्द: शून्य. ते मी वहीत लिहून खाली दुहेरी रेघ मारली. मला कापाकापी येत नाही, ती पुण्यात करतात. म्हणून एक वाक्य पोपटचं, एक माझं, असं सगळं जसंच्या तसं पाठवून दिलं. माझं ठेवा हे वेगळं लिहायची गरज मला वाटली नाही.

तीन दिवसांनी अंतराचा फोन.

"ताई, प्रकरण तीन सगळ्यांना फार आवडलं."

"अर्धा शब्द?"

"एकही नाही." मग ती थांबली. नम्र माणसं थांबली की मला धोका कळतो. "ताई, त्यात दोन आवाज आहेत."

"एक प्रॉम्प्टरचा आहे. तो कापायचा."

"तेच झालंय. आमच्या एडिट करणाऱ्या मुलाला वाटलं, आधीचं वाक्य पक्कं आणि नंतरचं तुमचं रीटेक. त्यानं तुमचं कापलं. वर सगळ्यांनी ऐकलं ते... त्यांचं. आणि वरचे म्हणाले, हाच आवाज हवा. पूर्ण कादंबरीला. तुमच्यासाठी मुलांचं काही आलं तर मी नक्की कळवीन. त्यांचा नंबर द्याल का?"

"शोधावा लागेल," मी म्हणाले. नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता.

दोन दिवस मी शोधत होते. त्या दोन दिवसांत फ्रिज बावीस वेळा उघडला. दामोदरनी विचारलं, फ्रिज बिघडलाय का. मी नंबर दिला नसता तर कादंबरी पुण्याच्या तरुणाकडे गेली असती, पोपटला काही कळलं नसतं, आणि पेणच्या सव्वीस जणांना मी सांगितलं असतं की घशाचा त्रास झाला. हे सगळं नीट बसत होतं. अडचण एवढीच की मी मोजून पाहिलं होतं. वीस मिनिटं तालमीत, चार दुपारी बोळात, त्या माणसाचं एकही वाक्य मला खोटं सापडलं नव्हतं. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मी ते छापलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी पोपटला फोन लावला आणि सांगितलं.

पलीकडून कंपनीच्या गेटचा आवाज येत होता.

"माझा आवाज?" तो म्हणाला.

"तुमचा."

"बाई, प्रॉम्प्टरचा आवाज ऐकू आला तर ती चूक अस्ते. अकरा वर्षं तुमीच लिवताय."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. अर्ध्यावर थांबायची भीती वाटली, म्हणून मिटलं.

"आनि जमनार कसं?" तो पुढे म्हणाला. "दुपारी पेन, संध्याकाळी तालीम, रात्री पाळी. झोपू कवा? नाटक तीन आठवड्यांवर हाय. वही कोन धरनार? जगनला सांगितलं तर तो रडंल, आनि त्याला रडायचं वाक्य पाठ नाय."

"वही मी धरते," मी म्हणाले.

हे मी का म्हणाले याचा मी नंतर विचार केला. कादंबरी पेणच्या बाहेर जाऊ नये, हे एक कारण. आवाज त्याचा, पण कपाट माझं, हे दुसरं. तिसरं कारण असेल तर ते मी मोजलेलं नाही.

मंडळात मी प्रॉम्प्टर म्हणून गेले त्या संध्याकाळी रंभानं माझ्यासाठी बाक पुसला. "बसा बाई. आता कलंल तुमाला, ठिपका कसा पडतो." जगन म्हणाला, "परीक्षन कोन लिवनार मंग?" मी संपादकांना विचारलं होतं. ते म्हणाले, दुसरं कोणी लिहीत नाही. लिहायचं तर तुम्हीच लिहा, आणि काही झालं तरी चौकट द्या.

तालमीत काही विशेष झालं नाही. मंडळीच तेवढी, आणि मी आवाज दाबून बोलत होते.

प्रयोग रविवारी संध्याकाळी पाचला होता. हॉल भरला होता, तीनशेच्या वर माणूस. तिसऱ्या रांगेत माझ्या खुर्चीवर पोपट बसला होता, मांडीवर माझी वही. ती मीच दिली होती. पहिल्या रांगेत ठमाबाई लुगड्याचा पदर खोचून तयार.

पहिल्या अंकात अकराव्या मिनिटाला रंभा अडली. वाक्य होतं, 'मी या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही.' भरला हॉल म्हणजे भरला वर्ग. बत्तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज माझ्या आधी बाहेर पडला.

"मी या घरात पुन्हा पाऊल ठेवणार ना...?"

रंभाचं तोंड उघडायच्या आत हॉल म्हणाला, "नाही!"

सगळा हॉल नव्हे. पहिल्या खेपेला तीसेक माणसं असतील. शाळेत गेलेला माणूस ते रोखू शकत नाही. रंभानं हॉलकडे पाहिलं, मग सासूकडे वळली आणि म्हणाली, "ऐकलंत? सगळ्यांना ठाऊक हाय." हे वाक्य संहितेत नाही. मी ठिपका दिला आणि पान उलटलं.

त्यानंतर ते आवरेना. पोलीस म्हणाला, "वॉरंट..." आणि गप्प. मी म्हणाले, "वॉरंट माझ्या खिशात आ...?" हॉल: "हे!" सून अडली, सासू अडली. जे कधी अडत नव्हते तेही अडायला लागले. त्यांना सवड मिळाली. ठमाबाई पहिल्या रांगेतून ओरडून पुढचं वाक्य द्यायची, पण तीनशे माणसांपुढे तिचं काही चालेना. मध्यंतरात ती विंगेत आली.

"गो बाय, तू अर्धं का सांगतेस? पुरं सांग."

"तोंडातून तसंच येतं, ठमाबाई."

"मंग माजी पोरगी काय करनार? लोकं तिचं तोंडचं घेतात."

तिसऱ्या अंकात जगन मरतो. तो सुनेचा, म्हणजे रंभाचा बाप असतो, ती माप ओलांडायच्या आधीच जातो, आणि रंभा त्याच्या छातीवर डोकं ठेवून एकच वाक्य म्हणते. त्या वाक्याला मंडळानं निळा दिवा भाड्यानं आणला होता. रंभानं डोकं ठेवलं. दिवा निळा झाला. हॉल गप्प. ती वाक्य विसरली नव्हती, ती खरोखर रडत होती. हे मला नंतर कळलं. मला विंगेतून नुसती तिची पाठ दिसत होती, आणि मी तीन सेकंद मोजले.

"बाबा, डोळे उघ...?"

"डा!" तीनशे माणसं एका आवाजात म्हणाली.

जगननं डोळे उघडले.

पडदा ओढणाऱ्यानं प्रसंग ओळखून पडदा ओढला. टाळ्या झाल्या. त्या नातेवाइकांच्या नव्हत्या. एवढे नातेवाईक रोह्यात कोणालाच नाहीत. हॉल उभा राहिला, शिट्ट्या, गोंगाट. कानावर गोंगाट पडला आणि मी विंगेतून म्हणाले, "बसा."

हॉल बसला.

रंगपटात जगन तोंडाला खोबरेल चोळत माझ्याकडे आला. "बाई, मी मेलो होतो."

"मला माहीत आहे."

"तीनशे मानसांनी सांगितलं तर काय करू मी?"

"तुझी चूक नाही," मी म्हणाले. "एकाहत्तरावं होतं. माझ्याकडे ठिपका आहे."

रंभा कोपऱ्यात गजरा सोडत होती. तिच्याशी काही बोलावं म्हणून मी गेले, तर तीच म्हणाली, "आज पयल्यांदा लोकं माझ्याकडं बघत होती, बाई. वाक्य कवा विसरते म्हनून का असंना." आणि हसली. ठमाबाईनं मात्र माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी मी परीक्षण लिहिलं. रंभाला दोन परिच्छेद दिले, निळ्या दिव्याला अर्धा. प्रॉम्प्टरबद्दल लिहिलं की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला आणि पोचायला नको होता. खाली चौकट केली. वहीतले ठिपके दोनदा मोजले होते.

ऐकू आलेलं प्रॉम्प्टिंग: ७१. प्रॉम्प्टर: सुनीती दिघे. पैकी प्रेक्षकांनी पूर्ण केलेलं: ४६.

त्याच्याखाली वेगळ्या चौकटीत शुद्धिपत्र: डिसेंबरच्या अंकात 'वकीलसाहेब, दार उघडा'चा आकडा ६३ असा छापला गेला. तो ५४ असा वाचावा. उरलेले ९ ठमाबाई यांचे, पहिली रांग.

अकरा वर्षांतलं पहिलं. लिहून झाल्यावर बघत बसले. वाईट दिसत नव्हतं.

पावणेएकला पोपट आला. त्या आठवड्यात पुन्हा तिसरी पाळी होती आणि पहिली दोन नव्यानं वाचून झाल्यावर आता चौथं प्रकरण सुरू करायचं होतं. मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं आधी शुद्धिपत्र वाचलं, दोनदा. मग चौकट. मग पिशवीतून माझी वही काढून माझ्या कागदाशेजारी उघडून ठेवली. माझ्याच पद्धतीनं, चार उभ्या, पाचवी आडवी.

"एक सुटलाय, बाई. बहात्तर."

"एकाहत्तर. मी दोनदा मोजलेत."

"शेवटचा धरला नाय तुमी. 'बसा.'"

"ते प्रॉम्प्टिंग नाही. ते संहितेत नाही."

"ऐकू आलं ना?"

"आलं असेल."

"मी तिसऱ्या रांगंत होतो. आलं. आनि लोकं बसली."

"बसली म्हणून काय झालं?"

"ज्याला सांगितलं त्यानं केलं, तर ते प्रॉम्प्टिंगच. मी तर खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होतो. मी सुद्धा बसलो."

दामोदर बोळातून म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." त्यांच्या कानात यंत्र होतं.

मी एकाहत्तरवर काट मारली आणि बहात्तर लिहिलं.

एक वाजला. काँप्रेसर थांबला. पलीकडे डबे उघडल्याचा आवाज आला. पोपट चपला बोळात काढून कपाटात गेला आणि गोधडी ओढून घेतली. बटण दाबायचं काम आता दामोदरांकडे आहे. त्यांनी दाबलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. आतून चौथ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य आलं, एकाच उंचीवर, कुणाकडून काही न मागता. म्हातारा परत खाडीकडे बघत उभा होता. आम्ही दोघं उरलेला अर्धा शब्द म्हणायला ओठ पुढे करून बसलो होतो.

शब्द पुरा आला.